गृहिणीचे स्मरण आणि तिची कुरकूर

दिवंगत पत्नीविषयी लिहिणे हा वाङ्मयातील एक फसवा प्रकार आहे. फसवा अशासाठी की, तो सोपा वाटतो. विषय लेखकाच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षे वावरलेला असतो, भावना खरी असते, आणि वाचकाची सहानुभूती तर पहिल्या ओळीपासूनच लेखकाच्या पदरी पडलेली असते. इतके भांडवल जवळ असूनही या प्रकारातील बहुतेक लेखन वाचून संपले म्हणजे ती बाई होती तरी कशी, हे काही केल्या सांगता येत नाही. ती प्रेमळ होती, मनमिळाऊ होती, कष्टाळू होती. संसाराचा गाडा तिने हसतमुखाने ओढला. वर्तमानपत्रांतून ‘प्रथम पुण्यस्मरण’ या मथळ्याखाली जे मजकूर छापून येतात, ते वाचकांनी एकवार छायाचित्रे झाकून वाचून पाहावेत. एका घरचा मजकूर दुसऱ्या घरास बिनदिक्कत लावता येईल. लिहिणाऱ्यांचा शोक खोटा असतो असे म्हणण्याचा माझा मुळीच आशय नाही. शोक खरा असूनही चित्र खोटे का उमटते, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

हा प्रश्न मी तटस्थपणे विचारीत नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. माझी पत्नी २०२३ च्या पावसाळ्यात वारली. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने एक लहानशी पुस्तिका छापून आप्तेष्टांस द्यावी असे मुलांच्या मनात आले, आणि बापाने उभा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात घालविलेला असल्यामुळे मुख्य लेख त्यानेच लिहावा, हे ओघानेच आले. मी अकरा पाने लिहिली. खरे सांगावयाचे तर ती मला साधली आहेत असे वाटले होते. मुलीने ती एका बैठकीत वाचली, डोळे पुसले, आणि मग सातव्या पानावरील एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून पाने माझ्यापुढे ठेवली. वाक्य असे होते : ‘एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने कधी कुरकूर केली नाही.’

“बाबा,” ती म्हणाली, “आई रोज कुरकूर करायची. तुम्हांला ऐकू जात नव्हतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील सनावळीची चूक आपण दाखवितो, तितक्याच सरळपणे तिने ती चूक दाखविली. मी लेख मागे घेतला. परंतु त्या एका रेघेने मला माझ्या आवडत्या पुस्तकांकडे पुन्हा वळविले, आणि त्यांतली कित्येक निराळी दिसू लागली.

कुरकूर हा शब्द आपण हलक्या अर्थाने वापरतो. तिच्यात रडगाणे येते, किरकीर येते. गृहिणीच्या अंगी ती नसणे हाच मोठा गुण समजला जातो. पण जरा विचार करावा. घर चालविणारी स्त्री दिवसाकाठी कितीतरी निर्णय घेते. आज कोणती भाजी, पाहुण्यास किती दिवस राहू द्यावयाचे, कोणत्या मुलाला कोणत्या वेळी बोलावयाचे आणि कोणत्या वेळी गप्प बसावयाचे, नवऱ्याच्या बहिणीस साडी कोणत्या किमतीची. हे सारे निर्णय कृतीत विरून जातात. भात खाल्ला जातो, घडी केलेले अंथरूण रात्री पुन्हा विसकटते. तिच्या बुद्धीचा जो थोडासा अंश शब्दांत उतरतो, तो बहुधा तक्रारीच्याच रूपाने उतरतो : दूध पातळ येते, तुमचे मित्र न सांगता जेवावयास येतात, धाकट्याला तुम्ही लाडावून ठेवले आहे. ही तिची टीका होय. आम्ही टीकाकार तरी मासिकांतून दुसरे काय करतो? जे आहे ते असावे तसे नाही, एवढेच ना? ज्या स्मरणलेखातून गृहिणीची कुरकूर गाळली जाते, त्यातून तिची विचारशक्तीही त्याबरोबर गळून पडते, आणि मग मागे केवळ विशेषणे उरतात.

आपल्याकडे पत्नीशोकाचा आदर्श म्हणजे ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातील अजविलाप. नारदाच्या वीणेवरील माळ वाऱ्याने उडून अंगावर पडते आणि इंदुमती जागच्या जागी गतप्राण होते. अज तिला मांडीवर घेऊन जो विलाप करतो, त्यात त्याने तिला दिलेली नावे संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास पाठ असतात : ती त्याची गृहिणी होती, सल्लागार होती, एकांतीची सखी होती, कलांमध्ये शिष्या होती. लग्नपत्रिकांपासून मृत्युलेखांपर्यंत या नावांचा इतका वापर झाला आहे की, त्यांची किंमत नाण्यावरील झिजलेल्या मुद्रेइतकीच राहिली आहे. मला वाटते, यात दोष केवळ वापरणाऱ्यांचा नाही. इंदुमती सहाव्या सर्गात एकामागून एक राजे नाकारीत मंडपातून चालत जाते, तेथे तिची पारख आपणांस दिसते. पण ती गृहिणी म्हणून काय करीत होती, सल्ला कोणता देत होती, तो अजाला कधी कडू लागला की काय, यांपैकी काही कवीने दाखविलेले नाही. चारी नावे आपण अजाच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करतो.

परंतु त्याच विलापात दोन जागा अशा आहेत की, तेथे इंदुमती खरोखर जिवंत होते. आंब्याचे आणि प्रियंगूच्या वेलीचे लग्न लावण्याचे तिने योजिले होते, ते राहून गेले, असे अज म्हणतो. आणि दोघांनी मिळून बकुळीच्या फुलांची मेखला ओवावयास घेतली होती, ती अर्धीच राहिली. येथे कालिदास गुण सांगत नाही. हाती घेतलेले आणि अपुरे राहिलेले काम दाखवितो. त्या अर्ध्या मेखलेने मला जितके हलविले तितके त्या चार नावांनी कधी हलविले नाही. माझ्या अकरा पानांत चारी नावे होती, हे वाचकांस सांगावयास नकोच. अर्धी मेखला एकही नव्हती.

इंग्रजी वाङ्मयात या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टॉमस कार्लाईल. २१ एप्रिल १८६६ रोजी त्याची पत्नी जेन लंडनच्या हाईड पार्कात आपल्या घोडागाडीत बसल्या बसल्या मरण पावली. कार्लाईल तेव्हा स्कॉटलंडात होता. एडिंबरो विद्यापीठाचा रेक्टर म्हणून त्याने नुकतेच व्याख्यान दिले होते आणि त्याच्या कीर्तीचा तो कळस होता. परत आल्यावर त्याने तिच्याविषयी एक दीर्घ स्मरणलेख लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १८८१ साली फ्रूडने ‘रेमिनिसन्सेस’मध्ये छापला. त्या लेखात पश्चात्ताप ओतप्रोत भरला आहे. मला तो लेख तरुणपणी अत्यंत थोर वाटत असे. आता पुन्हा वाचताना असे दिसते की, स्तुतीच्या आणि आत्मनिंदेच्या पुरात जेन पानोपानी बुडते आहे. म्हातारा रडतो, आपण त्याच्याकडे पाहतो, आणि तिच्याकडे पाहावयाचे राहून जाते. स्वतःस दोष देणे हासुद्धा स्वतःविषयीच बोलण्याचा एक मार्ग आहे.

मग जेन कोठे भेटते? तिच्या पत्रांत. क्रेगनपटॉकच्या ओसाड माळावर नवऱ्याच्या नाजूक पोटासाठी ती घरी पाव भाजावयास शिकली. पहाटेपर्यंत एकटीने भट्टीपुढे बसून राहिल्याची ती रात्र तिने पुष्कळ वर्षांनी एका पत्रात वर्णिली आहे. थकून रडू आलेले असताना तिला चेल्लिनीची आठवण झाली; तो आपला पर्सियसचा पुतळा भट्टीत ओतला जाताना असाच जागत बसला असेल. आणि १८५५ सालचे ते टिपण! घरखर्चास पैसे पुरत नाहीत हे कार्लाईलला सांगून कळेना, तेव्हा तिने पार्लमेंटातील अर्थमंत्र्याचा आव आणून एक अंदाजपत्रकच लिहिले. कोणत्या बाबीत किती वाढ झाली, का झाली, आणि नामदार महाशयांनी कोणता गैरसमज करून घेतला आहे, हे सारे बाबवार मांडून तो कागद त्याच्यापुढे ठेवला. ही कुरकूरच आहे, पण ती वाचताना बुद्धीची, विनोदाची आणि हिशेबाची अशी चमक दिसते की, त्या घरात दोन लेखक राहत होते याविषयी शंका उरत नाही.

येथे कार्लाईलला त्याचे श्रेय दिले पाहिजे. तो कागद त्याने जपून ठेवला, त्याच्यावर कौतुकाचा शेरा लिहिला, आणि पत्नीच्या मृत्यूनंतर तिची पत्रे स्वतः जमवून, टिपा लिहून, छापण्यासाठी तयार केली. १८८३ साली ती तीन खंडांत बाहेर आली. त्यांत त्याच्याविरुद्ध किती मजकूर आहे हे त्याला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. शोक करणारा कार्लाईल आणि संपादक कार्लाईल यांत मी दुसऱ्यास मोठा मानतो. पहिल्याने जेनविषयी लिहिले. दुसऱ्याने तिला बोलू दिले. पुढे इंग्रज वाचकांनी त्या पत्रांचे आरोपपत्र केले आणि सुष्ट कोण, दुष्ट कोण, याचा कित्येक वर्षे काथ्याकूट चालविला. नवऱ्याला शिक्षा ठोठावण्याच्या भरात त्यांनीही जेनचा विनोद वाचला नाहीच.

मराठीत आपण या बाबतीत अधिक भाग्यवान आहोत, कारण आपल्याकडे ‘स्मृतिचित्रे’ आहेत. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या या पुस्तकाचा हेतू काय होता ते आठवावे. लक्ष्मीबाईंना आपल्या पतीच्या, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या, आठवणी सांगावयाच्या होत्या. त्यामागे चिरंजीव देवदत्तांचा आग्रह होता. म्हणजे स्मरण पतीचे, सांगणारी पत्नी. प्रत्यक्षात झाले असे की, टिळकांचे चित्र तर उमटलेच; त्याबरोबर मराठीतील सर्वांत पूर्ण असे गृहिणीचे चित्रही नकळत उमटून गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने जे साधले ते पदवीधरांस का साधू नये, असा प्रश्न मला वर्गात विद्यार्थी विचारीत आणि मी भाषेच्या साधेपणाविषयी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. भाषेचा साधेपणा खराच आहे. पण आता मला वाटते, खरे कारण असे की, लक्ष्मीबाईंनी कुरकूर गाळली नाही.

बाजारातून आलेली वस्तू, मिठासकट, धुतल्यावाचून घरात घेऊ न देणारे वडील, कोपिष्ट सासरे, हातात पैसा टिकू न देणारा, कोणाला काय देऊन बसेल याचा नेम नसलेला, आणि न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा. यांतल्या प्रत्येकाविषयी बाईंची तक्रार आहे आणि ती त्यांनी स्वच्छ मांडली आहे. त्या टिळकांना साधुपुरुष म्हणून ओवाळीत नाहीत, आणि त्यांच्या पायी आपली धूळधाण झाली म्हणून ऊरही बडवीत नाहीत. टिळकांनी पैसे उधळले म्हणजे चूल कशी पेटली, हे त्या सांगतात. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि बाई मागे राहिल्या. पुढची काही वर्षे ताटातुटीची गेली. मग त्या परत आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन, आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्या आपला विचार आपल्या वेगाने पुरा झाल्यावर. या काळाची पाने वाचताना ध्यानात येते की, बाईंचे प्रेम आणि बाईंची तक्रार ही दोन निराळी खाती नाहीत. नवऱ्याचा वेडेपणा त्यांना जितका स्पष्ट दिसतो तितकाच त्याचा मोठेपणाही दिसतो, आणि दोन्हींसाठी त्या एकच, किंचित हसरा स्वर वापरतात. टिळक १९१९ साली वारले. म्हणजे हे सारे वैधव्याच्या पंधरा वर्षांनंतर लोकांपुढे येत होते. तरीही मृत्यूच्या पवित्र्याखाली भांडण पुरून टाकावे असे त्यांना वाटले नाही.

हाच प्रकार बाया कर्व्यांच्या ‘माझे पुराणा’त, जरा खरखरीत आवाजात, पाहावयास मिळतो. अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचे, बायांचे पुस्तक १९४४ सालचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एका पुस्तकात संस्था उभी राहताना दिसते. दुसऱ्यात संस्थेला सर्वस्व देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरी तोंडमिळवणी कशी करावी लागे, ते. दोन्ही खरी आहेत.

पुत्राने लिहिलेल्या स्मरणाचे काय? ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तिच्या बेचाळीस रात्रींपैकी पुष्कळशा रात्री धड्यावर संपतात. आई येथे प्रथम शिक्षिका आहे. भक्तिभावाने लिहिलेल्या या पुस्तकाविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल, आणि ते वाचून मी स्वतः रडलेलो आहे. तथापि दोन ठिकाणी आई धड्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकते असे मला नेहमी वाटत आले आहे. एक, भाजी अळणी झालेली असते आणि कोणी तिला ते सांगत नाही. ती जेवावयास बसल्यावर तिलाच कळते, आणि तिला वाईट वाटते. घरच्यांनी तिच्या भावना दुखवू नयेत म्हणून गप्प राहावे, हा गुरुजींचा धडा. पण तिची बाजू निराळी आहे : सांगितले असते तर मीठ घातले असते. ती आपल्या कामाचा दर्जा पाहते आहे, आणि इतर सर्व तिच्या भावना पाहत आहेत. दुसरी जागा सावकाराच्या माणसाची. तो दारी बसून वेडेवाकडे बोलतो तेव्हा ती संतापून बाहेर येते. त्या क्षणी ती कोणाचीही आदर्श माता नाही. कर्जाच्या अपमानाने पेटलेली एक बाई आहे. ज्या गुरुजींनी ‘स्त्रीजीवना’साठी बायकांच्या ओव्या जिव्हाळ्याने गोळा केल्या, त्यांना जात्याजवळ बायका देवाच्या नावाबरोबर सासरची गाऱ्हाणीही गातात हे पुरेपूर ठाऊक होते. आईच्या चित्रात ते ज्ञान त्यांनी थोडे आवरून धरले, एवढेच माझे म्हणणे.

कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाचे चांगले तेवढे बोलावे, ही आपली रीत. तक्रारींची उजळणी हवी कशाला? ही रीत मोडावी असे मी म्हणत नाही. पण ‘तिने कधी तक्रार केली नाही’ हे वाक्य नीट तपासले म्हणजे दिसते की, त्याने मृत स्त्रीची स्तुती थोडी होते आणि जिवंत पुरुषाची सुटका अधिक होते. तक्रार नव्हती, म्हणजे तक्रारीला कारण नव्हते. म्हणजे नवरा चांगला होता. माझ्या सातव्या पानावरील वाक्याचा खरा अर्थ हाच होता, आणि तो माझ्या मुलीने अचूक वाचला. वाङ्मयाचा अर्थ लावण्याबद्दल पगार मात्र मी घेत आलो.

त्यानंतर मी कार्लाईलचे दुसरे उदाहरण गिरवावयाचे ठरविले. म्हणजे लिहिणे सोडून शोधावयास लागलो. माझ्या पत्नीने पत्रे फारशी लिहिली नाहीत. तिच्या तारुण्यातच टेलिफोन घरोघर आला होता. रोजनिशी नव्हती. स्वयंपाकघरातील फडताळाच्या वरच्या खणात सुतळीने बांधलेला भिंतीवरच्या दिनदर्शिकांचा एक गठ्ठा मात्र निघाला, २००३ सालापासूनचा. वर्ष संपले की दिनदर्शिका टाकून देतात अशी माझी समजूत होती. तिने एकही टाकली नव्हती. तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात दुधाचे खाडे, मोलकरणीचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीला दिलेले कपडे, भिशीची पाळी. मुलाच्या पहिल्या परीक्षेच्या चौकोनात फक्त ‘डबा नको म्हणाला’. माझ्या पीएच. डी.च्या दिवशी, ‘पाहुणे ९, श्रीखंड दीड किलो, पुरले’.

अशा मजकुरात कुरकूर कोठे सापडणार, असे मला प्रथम वाटले. मग २०११ चे वर्ष वाचीत असताना एक शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला. फेब्रुवारीच्या ६ तारखेस : ‘नळ. ह्यांना सांगितले.’ मार्चात दोनदा : ‘नळ.’ एप्रिलात ‘नळ, पुन्हा सांगितले’, आणि त्याखाली एक लहानशी रेघ. मेमध्ये आम्ही महिनाभर गावी होतो. तेथे काही नाही. जूनमध्ये ‘नळ, बादली लावली’. जुलैत नुसताच ‘न’. मोरीतला तो गळका नळ मला आठवतो का, म्हणून मी पुष्कळ आठवून पाहिले. त्या वर्षी मी मिल्टनवरील एका लेखमालेत गढलेलो होतो, ती लेखमाला मला आठवते. नळ आठवत नाही. तो थेंबाथेंबाने सहा महिने गळत होता, आणि पलीकडच्या खोलीत मी लिहीत बसलेला होतो.

ऑगस्टच्या १९ तारखेच्या चौकोनात असे आहे : ‘प्लंबर आणला, ३५० दिले, माझ्यातले.’ पुढे काही नाही. तो शब्द नंतरच्या पानांवर पुन्हा येत नाही. तिच्याजवळचे ‘माझ्यातले’ म्हणजे कोठले पैसे, हे मी मुलीला विचारले. तिने सांगितले, शिवणाचे. आई दुपारी शेजारच्यांचे ब्लाऊज शिवीत असे, हेही मला माहीत नव्हते काय, असे मात्र तिने विचारले नाही.

पुस्तिका अजून छापलेली नाही. मुलांचे म्हणणे, दिनदर्शिकांतील पाने जशीच्या तशी छापावीत आणि मी फक्त टिपा लिहाव्यात. टिपा लिहावयास बसलो आहे. पहिलीच अडली आहे, कारण २००३ च्या जानेवारीत तीन ठिकाणी ‘कु. ला सांगणे’ असे आहे, आणि हा ‘कु.’ कोण, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. खाली नेहमीप्रमाणे दुधाचे खाडे : ३, ११, १२.